श्वा लिहिण्याआधी कंस बघा

फोनेटिक्सला नवीन आलेल्यांसाठी लिहितेय. स्वरांचा चार्ट तुम्ही पाहिलेला असणारच, जिभेची उंची, पुढे-मागे, ओठ गोल की नाही, त्यात शिरत नाही. बोलायचंय ते मधोमध बसलेल्या श्वाबद्दल, म्हणजे तो उलटा रोमन ई. माझा सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्लाय.

घोळ असा होतो की एकच चिन्ह दोन कामं करतं. तिरक्या रेघांमध्ये असेल तर ते त्या भाषेतल्या स्वनिमाचं (म्हणजे जो बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो अशा ध्वनीचं) लेबल, चौकोनी कंसात असेल तर प्रत्यक्ष उच्चाराचं वर्णन. फ्रेंचचं पुस्तक रेघांमध्ये श्वा लिहितं पण बोलताना बहुतेकांचे ओठ गोल होतात. इंग्रजीत सहसा आघात नसलेल्या अक्षरातच तो दिसतो, रोमानियनमध्ये मात्र त्याच्यावर चक्क आघात येतो. मराठीचा अ घ्या, कुणी श्वा लिहितं, कुणी उलटा ए, कुणी उलटा व्ही, आणि बोलणाऱ्याचा उच्चार तोच! इंग्रजी 'कप'मधल्या स्वराला डिक्शनऱ्या अजून उलटा व्ही देतात, चार्टप्रमाणे तो मागचा स्वर, पण आज बरेच जण तो मध्यभागीच उच्चारतात. म्हणून चिन्हावरून जीभ कुठे आहे ते ठरवू नका, परत सांगते, आधी कंस बघा.

मजकूर टाकून चिन्हं काढून देणाऱ्या साइट्सच्या तर नादीच लागू नका. त्या बोलणारा माणूस ऐकतच नाहीत, डिक्शनरीतलं उचलून देतात. आणि 'चार्ट पाठ कर' म्हणणाऱ्या सरांपेक्षा शेजारी बसून एकच स्वर पुन्हा पुन्हा ऐकवणारा सिनियर शोधा, माझं ठाम मत आहे.

प्राट हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रेकॉर्डिंग उघडा. जीभ खाली गेली की पहिला फॉर्मंट (म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमून जोर धरणारी फ्रिक्वेन्सी) वाढतो, पुढे आली की दुसरा. पुरुषाच्या आवाजात तटस्थ श्वाला साधारण ५०० आणि १५०० हर्ट्झ येतात, बायकांचे आकडे वर असतात, शिवाय शेजारचं व्यंजन दुसऱ्याला ओढतं, त्यामुळे तुमचे नेमके तेवढेच आले नाहीत तर घाबरू नका. या मधल्या पट्ट्यात मुरलेल्या लोकांचंही ट्रान्सक्रिप्शन एकमेकांशी जुळत नाही, खरंच. फक्त रिपोर्टच्या सुरुवातीला एक ओळ टाका, कुठलं चिन्ह कुठल्या स्वरासाठी वापरलंय, आणि मग शेवटपर्यंत तेच ठेवा.