तबकडीच्या सुरात गिटार: जुनी गाणी ऐकत वाजवायला शिकताना

जुन्या भावगीतांचे आणि हिंदी चित्रपटगीतांचे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वरसमूह, आज मोबाइलवर हवे तेवढे मिळतात, आणि तरीही ते समोर ठेवून मूळ रेकॉर्डबरोबर गिटार वाजवू लागले की पहिल्याच ओळीत सूर जुळत नाहीत. दोष बहुधा शिकणाऱ्याच्या बोटांचा नसतो. कॉर्ड लिहिणाऱ्याने स्वतःच्या सोयीची पट्टी घेतलेली असते, रेकॉर्ड-प्लेअरचा वेग किंचित पुढेमागे असतो, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्टुडिओतील वाद्ये आजच्या ट्यूनर ॲपच्या मापाने मिळवलेली असतीलच असे नाही. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे गिटार रेकॉर्डला लावून घेणे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मिरजेच्या आणि शेजारच्या सांगलीच्या वाचकाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये, कारण तंबोरा गवयाच्या पट्टीला लावायचा असतो हे इथे गाण्याच्या बैठकीला जाणारे मूलही पाहत असते.

आधी यंत्राविषयी. नवा प्लेअर घेताना त्यात फोनो प्री-ॲम्प आहे की नाही हे विचारून घ्यावे. आजच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून, म्हणजे पिन बसवलेल्या भागातून, निघणारा विद्युतसंकेत तीन ते पाच मिलिव्होल्टइतका क्षीण असतो, शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उठवलेले असतात. ही दोन्ही कामे उलटी करून देणारा टप्पा मध्ये नसेल, तर ॲम्प्लिफायरमधून पातळ, किनरा आवाज येतो आणि माणूस उगाच रेकॉर्डला नावे ठेवतो. सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर मी सहसा सुचवत नाही. त्यांची पिन जड बसते आणि वेगही स्थिर राहत नाही, आणि गिटार शिकणाऱ्याला स्थिर वेग सर्वांत जास्त लागतो. त्यापेक्षा एखाद्या माळ्यावरचा चार वेगांचा जुना चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा प्लेअर, मिळाला तर तो दुरुस्त करून घ्यावा. त्याचे आतले रबरी चाक वाळून टणक झालेले असते, ते बदलावे लागते. पिन तर बदलावीच, कारण ती किती झिजली आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि झिजलेली पिन रेकॉर्ड कायमची खरवडून ठेवते.

पिन आणि रेकॉर्ड यांची जात जुळली पाहिजे. १९४८ नंतर आलेल्या लाँग प्ले रेकॉर्ड विनाइलच्या आहेत आणि त्यांच्या चरी बारीक आहेत. त्याआधीपासूनच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या आहेत आणि त्यांच्या चरी कितीतरी रुंद आहेत. लाँग प्लेची पिन ७८च्या चरीत तळाशी लोळते, तर ७८ची पिन लाँग प्लेच्या चरीत मावतच नाही. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. विनाइलसाठी गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरे होते. मधले लेबल कोरडे राहील एवढे पाहावे आणि तबकडी उभी करून सावलीत वाळवावी.

रेकॉर्ड मिळतात कुठे, तर मंडप आणि लाउडस्पीकरचा जुना व्यवसाय असलेल्यांकडे, भंगारवाल्यांकडे आणि घर बदलणाऱ्या कुटुंबांकडे. लाउडस्पीकरवाल्याकडची रेकॉर्ड घेताना मात्र सावध असावे, कारण तिने लग्नसराई आणि गणपतीचे कित्येक मोसम पाहिलेले असतात. तबकडी तिरप्या उजेडात धरावी. काळी चमक जाऊन चरी राखाडी दिसत असतील, तर ती वाजेल पण सतत खरखरेल. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवावे. नख अडकले तर तिथे पिनही अडकणार. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघांचे जाळे दिसले, तर ती पुष्कळ वेळा चढवली-उतरवलेली आहे असे समजावे. कव्हर देखणे आहे म्हणून घाई करू नये, कारण आत दुसरीच रेकॉर्ड असण्याचा प्रकार नेहमीचा आहे.

ठेवण्याच्या जागेबद्दल सांगलीकराला एक गोष्ट अधिक पाहावी लागते. रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हाची भिंत टाळावी, हे तर सगळीकडेच खरे आहे. पण २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे पाणी ज्या वस्तीत शिरले, तिथे त्या तळमजल्यावर ठेवूच नयेत. पुराच्या पाण्यात भिजलेली विनाइल रेकॉर्ड स्वच्छ पाण्याने धुऊन बहुधा वाचते, तिचे कागदी कव्हर आणि लेबल मात्र जाते.

आता वेग तपासावा. लेबलच्या कडेला कागदाचा लहानसा तुकडा चिकटवून लाँग प्ले रेकॉर्ड फिरवावी आणि घड्याळ लावून तीन मिनिटांतले फेरे मोजावेत. मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित अधिक, म्हणजे ३३⅓ फेरे या हिशेबाने ते बरोबर १०० भरले पाहिजेत. १०३ भरले तर सगळे गाणे सुमारे पाव स्वराने वर गेले आहे, आणि १०६ भरले तर जवळजवळ अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या पट्टीवर. वेग नीट करण्याचा स्क्रू असेल तर तो फिरवून पाहावा. नसेल तरी अडत नाही, फक्त हा फरक रोज तेवढाच राहिला पाहिजे.

गिटार घेताना नावापेक्षा तारांची उंची पाहावी. गिटारच्या मानेवर धातूच्या ज्या आडव्या रेघा असतात ते फ्रेट. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असेल तर बोटांना त्रास कमी होतो. दुकानदाराला बारीक तारा घालून द्यायला सांगावे. ‘दहा’ किंवा ‘अकरा’ नंबरचा संच म्हटले की तो समजतो. गिटार नेहमीच्या ई, ए, डी, जी, बी, ई या स्वरांत लावून घ्यावी आणि रेकॉर्डवर पिन ठेवावी. धृपदाची ओळ ज्या स्वरावर निवांत विसावते तो बहुधा षड्ज असतो. तो गुणगुणत राहावे आणि घरातल्या पेटीवर शोधावा. समजा तो काळी चार निघाला, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून ‘जी’च्या पट्टीतल्या कॉर्डचे आकार धरावेत. काळी एक असेल तर त्याच जागी कॅपो ठेवून ‘सी’चे, आणि काळी तीन असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ‘ई’चे आकार घ्यावेत. षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असेल, आणि जुन्या रेकॉर्डच्या बाबतीत हे वारंवार होते, तर ट्यूनर बाजूला ठेवून सगळ्या तारा कानाने थोड्या उतरवून घ्याव्यात. तारा चढवण्यापेक्षा उतरवणे बरे, कारण अर्ध्या स्वराहून अधिक चढवलेली बारीक तार तुटायची शक्यता असते.

पहिले गाणे निवडताना सुधीर फडके यांच्या सरळ चालींकडे वळावे. हृदयनाथ मंगेशकर यांच्या चाली कितीही आवडत्या असल्या तरी त्या नवशिक्याच्या नाहीत. त्यांत सूर जिथे वळतो तिथे कॉर्ड कोणता धरावा, यावर मुरलेले वादकही वाद घालतात. मुळात ही गाणी कॉर्डसाठी बांधलेली नाहीत, त्यामुळे प्रत्येक शब्दाला कॉर्ड बदलण्याचा हट्ट धरू नये. षड्ज, मध्यम आणि पंचम यांचे तीन कॉर्ड, म्हणजे ‘जी’च्या आकारात जी, सी आणि डी, एवढ्यावर पुष्कळ भागते. गांधार कोमल लागत असेल तर षड्जाचा कॉर्ड मायनर घ्यावा.

उजव्या हाताचे ठोके छापील बाणांवरून शिकण्यापेक्षा तबल्यावरून शिकावेत. रेकॉर्डमध्ये दादरा वाजत असेल तर ‘धा धी ना धा ती ना’ तोंडाने म्हणत पहिल्या ‘धा’ला अंगठ्याने षड्जाची जाड तार छेडावी, पुढच्या दोन मात्रांना वरच्या बारीक तारा हलक्या हाताने झंकाराव्यात, आणि चौथ्या मात्रेला अंगठा पंचमाच्या तारेवर न्यावा. केरव्यात अंगठा पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतो. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अंगठा चुकायचा थांबत नाही तोवर डाव्या हाताने कॉर्ड बदलूच नये, एकच धरून ठेवावा. हे कंटाळवाणे वाटते, पण गाण्याचा ठेका हातात बसतो तो असाच.

मधल्या संगीतातले गिटारचे तुकडे उचलायची वेळ येते, तेव्हा जुन्या चेंजरचा चौथा वेग कामाला येतो. त्यावरचा ‘१६’ हा आकडा खरे तर १६⅔ आहे, म्हणजे लाँग प्लेच्या वेगाच्या बरोबर निम्मा. त्यामुळे गाणे निम्म्या गतीने आणि नेमके एक सप्तक खाली वाजते. आवाज घोगरा होतो, गायिका पुरुषासारखी ऐकू येते, पण षड्ज तोच राहतो आणि गिटार पुन्हा लावावी लागत नाही. ३३च्या वेगावर ४५ची रेकॉर्ड लावून हे साधत नाही, कारण तेव्हा सूर पाचहून थोडे अधिक अर्धस्वर उतरतो आणि कुठल्याच पट्टीत नीट बसत नाही. चेंजर नसेल तर रेकॉर्ड एकदा संगणकावर उतरवून घ्यावी आणि ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तिची गती कमी करावी. तसेही, एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा पिन टेकवत राहणे पिनेच्या आणि चरीच्या जिवावर येते. ऐकावे तबकडीवरून आणि घोटावे उतरवलेल्या प्रतीवरून.

भूपिंदर सिंग गायक म्हणून आपल्याला माहीत असले, तरी राहुलदेव बर्मन यांच्या १९७०च्या दशकातील कित्येक गाण्यांत गिटार त्यांची आहे, आणि ते तुकडे साध्या गिटारवर उचलता येतात. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांच्या गाण्यांच्या धुनांच्या रेकॉर्ड मात्र अजूनही जुन्या ढिगात सापडतात, आणि त्यांतली घसरती, लांबलचक मींड ऐकून नवशिका बोटे घासत बसतो. हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांची ती हवाईयन गिटार आहे. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडी फिरवून वाजवतात, आणि तिच्या तारा फ्रेटपासून बऱ्याच उंच असतात. नेहमीच्या गिटारवर हे करू गेल्यास दांडी फ्रेटवर आपटत राहते. हौस असेल तर तारा उंच केलेली दुसरी गिटार त्यासाठी वेगळी ठेवावी.