स्वस्त ग्राफिक्स कार्ड कसं पारखावं: जीबीच्या आधी लेन विचारा

मॉनिटर १०८०पी आहे, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) भरवशाचा आहे आणि केबिनेटमध्ये कार्ड मावतं, हे धरून चालतो.

आधी गेम ठरवा. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमला जुनं जीटीएक्स १६५० पुरतं. ७५ वॅटचं हे कार्ड बऱ्याच मॉडेलांत वेगळ्या पॉवर केबलशिवाय चालतं. नवे मोठे गेम खेळायचे असतील तर कार्डाची मेमरी ८ जीबीच्या खाली उतरू देऊ नका. मग इंदूरच्या सिल्वर मॉलमध्ये चार दुकानांत भाव विचारा.

आता जिथे माणूस हमखास फसतो ते. ‘किती जीबी?’ एवढंच विचारून कार्ड उचलू नका. मी तसं उचललं होतं. आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी, नवंकोरं. माझा प्रोसेसर दहाव्या पिढीचा आय३, म्हणजे पीसीआयई (कार्डाला मदरबोर्डशी जोडणारा मार्ग) ३.० आवृत्तीचा. घरी गेम सुरू केला, तर एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा छान आणि वळण आलं की चित्र अडखळतंय. तीन आठवडे मी ड्रायव्हर बदलत बसलो, विंडोज पुन्हा टाकलं. दोष तिथे नव्हताच.

त्या कार्डाला पीसीआयईच्या चारच लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या चारच वाटा आहेत. ४ जीबी भरली की उरलेलं टेक्स्चर रॅममधून याच चार लेनमधून आणावं लागतं. पीसीआयई ४.० वर सेकंदाला साधारण ८ जीबी येतात, ३.० वर त्याच्या निम्मे. गेम त्या वाटेकडे डोळे लावून थांबतो, तोच आपल्याला झटका दिसतो. म्हणून जुन्या मदरबोर्डवर चार लेनचं कार्ड घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि ८ जीबी आहेत; जुन्या बोर्डवर माझी पसंती त्यालाच.

नावावरही जाऊ नका. जीटी १०३० दोन प्रकारचं येतं: जीडीडीआर५ मेमरीवालं सेकंदाला ४८ जीबी वाचतं, डीडीआर४ वालं १६.८. डब्यावर नाव तेच. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ९६ बिटचं (ही मेमरीच्या वाटेची रुंदी), ८ जीबीचं १२८ बिटचं, आणि कोर, म्हणजे गणना करणारे शेडरसुद्धा, कमी-जास्त. आरएक्स ५८० च्या पुढे ‘२०४८एसपी’ लिहिलं असेल तर ते मूळ २३०४ शेडरवालं कार्ड नाही.

वापरलेलं कार्ड असेल तर दुकानातच जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती उघडा. मेमरीचा प्रकार, बिट आणि शेडर बघा. बसच्या (पीसीआयई जोडणीच्या) रकान्याशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालवा, मगच लेनचा आकडा वाचा. कार्ड निवांत असताना या जोडणीचा वेग खाली उतरतो आणि आपण उगाच घाबरतो. कार्डाचा बायोस (आतला मूळ प्रोग्रॅम) बदलून जुनं कार्ड नव्या नावानं विकतात, अशी बरीच नकली कार्डं हे सॉफ्टवेअर ओळखतं.

फरमार्क (कार्डावर ताण टाकणारी चाचणी) पाच मिनिटं चालवून ‘ओके आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मेमरी भरेल असा गेम अर्धा तास चालवायला लावा. रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसल्या की उठा. एसीतल्या दुकानात तापमान ८० अंशांवर गेलं, तर इंदूरच्या मे महिन्यात घरी ते आणखी चढणार.

रिव्ह्यू बघताना सरासरी एफपीएस सोडा, ‘१ टक्का लो’ (सगळ्यात संथ एक टक्का चित्रांचा एफपीएस) बघा; अडखळणं तिथेच दिसतं.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो कार्डावरच्या स्टिकरशी तिथेच जुळवा.