ख्रिस्ती पुस्तकं, गाणी आणि बायबलची भाषांतरं: परीक्षण लिहू पाहणाऱ्यांसाठी

मराठी ख्रिस्ती पुस्तकाचं परीक्षण लिहायला घेतलं की पहिली अडचण येते ती ओळखीची. समाज लहान. लेखक आपल्याच मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, नाहीतर कुणाच्या तरी सोयरिकीतला, आणि पुस्तक हातात देतानाच 'चार चांगले शब्द लिहा' म्हणतो. जे वाटेल तेच लिहीन, हे मी पुस्तक घेतानाच सांगते. ओळख असेल तर परीक्षणात तसं एका ओळीत नमूद करते. त्यापायी कुणी काही दिवस अबोला धरतो, पण माझ्या शब्दावर विसंबून पैसे मोजणारा वाचक त्याहून मोठा.

नवख्यांनी बायबलच्या भाषांतराच्या परीक्षणाला हात घालू नये, असं अनेकजण सांगतात. मला हे पटत नाही. एकच अध्याय दोन-तीन भाषांतरांत शेजारी ठेवून वाचला की नजर तयार होते, आणि ती पुढे प्रत्येक पुस्तकाला उपयोगी पडते.

भाषांतर हाती आलं की आधी प्रस्तावना वाचा. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलंय की इंग्रजीवरून? आणि मुख्य म्हणजे, कुणासाठी? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. शिक्षणाची संधी न मिळालेल्या बायकांनाही ते कळावं, ही त्यामागची तळमळ. ते 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. रमाबाई 1922 मध्येच गेल्या होत्या. अशा कामाला वाङ्मयीन डौलाचं माप लावणं अन्यायाचं आहे. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66. तेव्हा 'जादा घातलेली' किंवा 'गाळलेली' असे शब्द चुकूनही वापरू नका.

मग ठरावीक जागा तपासायच्या. गोष्ट कशी वाहते हे रूथच्या पुस्तकात कळतं, युक्तिवाद कसा पेलला हे रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, 21 ते 26 या ओव्यांत, म्हणजे वचनांत. मार्कच्या सोळाव्या अध्यायातल्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. तिथे तशी टीप दिली आहे का पाहा. टीप नसेल, तर ते परीक्षणात आलंच पाहिजे. आणि तेविसावं स्तोत्र मोठ्याने वाचा. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' ही ओळ आपल्याकडे दफनविधीच्या वेळी माणसं पुस्तक न उघडता म्हणतात. नव्या भाषांतराने ती बदलली असेल, तर बदलाने काय मिळालं हे मी शोधते. काहीच मिळालं नसेल तर तसं स्पष्ट लिहिते.

गाण्यांच्या बाबतीत कान अधिक कडक ठेवा. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाने भजनं लिहिली आणि ती अजून गायली जातात, कारण शब्द आणि चाल दोन्ही इथल्याच मातीतली. आजची बरीच उपासनागीतं आधी बाहेरची चाल घेतात आणि मग तीत मराठी बसवतात. मग 'प्रभूच्या' मधला 'च्या' तीन मात्रा ताणला जातो आणि ज्या शब्दात अर्थ आहे तो अर्ध्या मात्रेत निसटतो. हे ऐकताना खटकतं, पण नेमकं कुठे ते सापडायला शब्द कागदावर लिहून टाळी कुठे पडते त्याची खूण त्याखाली करून पाहावी लागते.

दुसरी गोष्ट पट्टीची. रेकॉर्डिंग गायिकेच्या काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात असतं. रविवारी मंडळीतल्या आजोबांना तिथे पोचता येत नाही. पेटी काढा, पट्टी खाली घ्या आणि चार-पाच जणांना गायला लावा. खाली घेतल्यावर मुखडाच ऐकू येईनासा झाला, तर ते गाणं ऐकायला कितीही गोड असलं तरी उपासनेचं नाही. हे माझं ठाम मत आहे.

मनन-चिंतनाच्या पुस्तकांत दिलेले संदर्भ बायबल उघडून पडताळा. अनुवादित पुस्तक असेल तर उदाहरणं इथल्या वाचकाला भिडतात का, तेही बघा.

शेवटी प्रकाशक, पृष्ठं आणि किंमत द्याच, पण पुस्तक कुठे मिळेल हेही द्या. ख्रिस्ती पुस्तकं नेहमीच्या दुकानात क्वचितच दिसतात, आणि तालुक्याच्या गावातला वाचक परीक्षण वाचून तिथेच अडतो. पोस्टाने मागवता येतं का, हे प्रकाशकाला फोन करून विचारा आणि तेही छापा.