आपले धन कोणते, हे ओळखावे कसे आणि राखावे कसे

ख्रिस्ती घरातील कोणालाही, अगदी शब्बाथ शाळेत जाणाऱ्या लेकरालाही, "तुझे खरे धन कोणते?" असे विचारले तर "प्रभू येशू" हे उत्तर लगेच मिळते. उत्तर बरोबरच आहे. परंतु तेच उत्तर देणारे आम्ही मोठे लोक मोंढ्यात (धान्यबाजारात) सोयाबीनचा भाव दोनशे रुपयांनी उतरला की रात्रभर कूस बदलत राहतो, आणि चार रविवार उपासनेला जाणे झाले नाही तर त्याची तेवढी रुखरुख लागत नाही. ओठांवरचे उत्तर आणि रात्रीची झोप यांत हे अंतर का पडते, आणि ते कमी करण्यासाठी घरात, शेतात व मंडळीत नेमके काय करता येते, ते येथे मांडत आहे. जालना जिल्ह्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीत मी बरीच वर्षे वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा सेवक, म्हणून सेवा करीत आहे, आणि पुढे लिहिलेले बहुतेक सर्व तेथे करून पाहिलेले आहे.

आधी वचन नीट वाचावे

मत्तय ६:१९-२१ हा उतारा आपल्या इतका पाठ झालेला असतो की तो वाचायचा राहून जातो. त्यात येशूने साठवलेल्या संपत्तीचे तीन शत्रू सांगितले आहेत, आणि ते गावाकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. कसर लुगड्यांना लागते. दुसरा शब्द आपल्या शास्त्रात "जंग" असा आला आहे, परंतु मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ "खाणे" असा होतो, आणि म्हणून काही अभ्यासक तेथे धान्य खाणारी कीड असाही अर्थ घेतात. कणगीत हात घातल्यावर जोंधळ्याच्या टपोऱ्या दाण्यांऐवजी टोक्यांनी पोखरलेली टरफले आणि पीठ बोटांना लागते, तेव्हा हा अर्थ अधिक जवळचा वाटतो. तिसरा शत्रू चोर. तेथे मूळ क्रियापद भिंत खणून आत शिरण्याचे आहे, आणि आपल्या भाषेतही त्यासाठी "घर फोडणे" हाच शब्द आहे, कारण मातीच्या भिंतींना खरोखरच भगदाड पाडले जात असे.

मात्र या उताऱ्यातील सर्वांत उपयोगाची गोष्ट शेवटच्या ओळीच्या क्रमात आहे. जेथे तुमचे मन असेल तेथे तुम्ही धन ठेवाल, असे येशू म्हणत नाही. जेथे धन ठेवाल तेथे मन जाईल, असे तो म्हणतो. आपण बहुधा उलट समजतो आणि मन बदलण्याची वाट पाहत बसतो. प्रार्थनेत उत्साह आला म्हणजे वेळ देऊ, ओढ लागली म्हणजे हात सैल सोडू, असे म्हणता म्हणता वर्षे जातात. शेजाऱ्याच्या शेतावर पाऊस पडला काय आणि न पडला काय, आपल्या पोटात काही कालवत नाही. तेच शेत यंदा बटईने (पिकाच्या वाट्यावर) घेतले, त्यात आपले बियाणे आणि खत गेले, की मध्यरात्री ढग गडगडला तरी जीव आधी त्या बांधावर जाऊन उभा राहतो. आपले काही तेथे पेरले गेले म्हणून मन तेथे गेले. पुढच्या सर्व सूचना या एका क्रमावर उभ्या आहेत.

एक महिना वही ठेवावी

धन ओळखण्यासाठी एक साधी वही घ्यावी आणि रोज रात्री कौटुंबिक प्रार्थनेनंतर तीन ओळी लिहाव्यात: आज हातातून पैसा कशावर गेला, आज मन कशाच्या काळजीत होते, आणि आज कोणाशी कशावरून वाद झाला. पैशाची ओळ सोपी असते, परंतु खरी माहिती देते ती तिसरी ओळ, कारण माणूस ज्यावरून भांडतो ते त्याचे धन असते. वही कोणाला दाखवू नये. दाखवायची असे ठरले की हात आपोआप बरे लिहू लागतो. महिनाअखेर ती सलग वाचावी आणि जे शब्द पुन्हा पुन्हा आले असतील त्यांखाली रेघ ओढावी. माझ्या वहीत ज्या शब्दाखाली सर्वांत जास्त रेघा आल्या तो शब्द "बांध" होता, आणि त्याविषयी शेवटी लिहितो.

रेघ ओढलेल्या प्रत्येक गोष्टीविषयी एकच प्रश्न विचारावा: ही गोष्ट उद्या नाहीशी झाली तर माझे काय उरेल? मराठवाड्यात हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे काही क्षणांत गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जाड माळवद असलेले घर म्हणजे ऐपत आणि निर्धास्तपणा असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जात होते, आणि तेच दगड व तीच माती झोपलेल्यांवर आली. गेलेल्यांचा काही दोष होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. तसे मानणाऱ्यांना येशूने लूक १३:४ मध्ये, अठरा माणसांवर कोसळलेल्या बुरुजाचे उदाहरण देऊन, स्पष्ट शब्दांत थांबवले आहे. सांगायचे एवढेच की ज्या भिंतीला आपण आधार म्हणतो, तिच्यावर किती भार टाकायचा हे आधीच ठरवलेले बरे.

मग खरे धन कोणते?

मत्तय १३:४४ मध्ये शेतात लपवलेल्या ठेवीचा दृष्टान्त आहे. आपल्या भागात गुप्तधन म्हटले की भीती, रात्रीचे खोदकाम आणि मांत्रिकांचे फसवे उद्योग डोळ्यांसमोर येतात, म्हणून हा दृष्टान्त शिकवताना मी मुद्दाम एका शब्दावर थांबतो. त्या माणसाने आपले सर्व विकले ते आनंदाच्या भरात. त्याच्यावर कोणी सक्ती केली नव्हती, आणि त्याला त्यागाचा अभिमानही वाटत नव्हता. जे मिळत होते ते इतके मोठे होते की जे सुटत होते त्याचा हिशेब त्याने ठेवला नाही. फिलिप्पैकरांस लिहिताना प्रेषित पौलाने (३:७-८) स्वतःविषयी हेच सांगितले आहे: कुळ, शिक्षण, धर्माचरण यांची जमेची बाजू त्याने ख्रिस्ताच्या ओळखीपुढे तोट्यात मांडली.

आपल्या मातीतही हे घडलेले आहे. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातील होते. जन्माने मिळालेली प्रतिष्ठा मागे टाकून ते पुढे निजामाच्या राज्यातील जालन्यास आले आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले जात होते त्यांच्यात राहून काम करू लागले. जालन्याजवळ त्यांनी वसवलेले बेथेल हे ख्रिस्ती वस्तीचे गाव त्या कामातून उभे राहिले. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात जे शिक्षण आणि जो ताठ कणा आहे, त्याची मुळे अशा माणसांच्या देवघेवीत आहेत, हे विसरता कामा नये.

म्हणून धन म्हणजे स्वतः ख्रिस्त, आणि त्याच्यासोबत जे येते ते: त्याचे वचन, मिटलेली वैरे, आणि मत्तय २५ मध्ये त्याने ज्यांना आपले "लहान भाऊ" म्हटले ती भुकेली, तहानेली, परकी माणसे. याहून लांब यादी करण्याची मला गरज वाटत नाही.

पैसा हाती येताच काय करावे

कापसाची किंवा सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीची रक्कम, मिळाली की मोंढ्यातून घरी येईपर्यंत ती निम्मी वाटून झालेली असते: कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज, लग्नाची बोलणी. त्यामुळे अर्पण शेवटी ठेवले तर ते उरत नाही. पट्टी हातात पडल्यावर सर्वांत आधी, तेथेच, देवासाठीचा भाग वेगळ्या पाकिटात घालावा आणि पाकिटावर तारीख लिहावी. दशांश हे चांगले माप आहे, पण ज्याच्यावर सावकाराचे व्याज चढत आहे त्याने कर्ज काढून दशांश देऊ नये. आपल्याजवळ जे आहे त्या मानाने दिलेले दान मान्य होते, असे २ करिंथकर ८:१२ सांगते. "पेरा म्हणजे देव दुप्पट करून देईल" असे सांगून गरिबाच्या गाठीचे पैसे मागणारा प्रचारक आला, तर त्याला विनयाने पण ठामपणे नकार द्यावा. जे दान परताव्याच्या आशेने दिले जाते, ते अजून आपल्याच पेटीत असते.

ज्या घरात रोख रक्कम फिरत नाही, तेथे रोज पीठ मळताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी. मिझोराममधील मंडळीच्या स्त्रियांनी १९१० पासून मूठभर तांदळाची अशी प्रथा चालवली आहे आणि तिच्यावर मोठी कामे उभी केली आहेत. आमच्या भगिनी मंडळाने ती ज्वारीच्या पिठावर आणली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी डबे वेदीपुढे येतात, आणि ते पीठ गावातील एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे, ती कोणत्याही धर्माची असोत, जाते. पहिल्या महिन्यात एका आजींचा डबा अर्ध्याहून कमी भरला होता आणि त्या तो पदराखाली झाकून उभ्या होत्या. आमच्या पाळकांनी तो स्वतः पुढे होऊन दोन्ही हातांनी घेतला.

पाण्यालाही हाच नियम लावावा. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. निर्गम १६ मधील मान्न्याची, म्हणजे रानात देवाने रोज दिलेल्या अन्नाची, गोष्ट अशा दिवसांत वाचावी: उद्यासाठी दडवून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. ज्याच्या बोअरला पाणी आहे त्याने टंचाईच्या महिन्यांत नळी कोणत्या वेळेला बाहेर सोडणार हे आधीच वस्तीला सांगून ठेवावे, म्हणजे रोज मागायला येणाऱ्या बाईला दारात उभे राहावे लागणार नाही.

लेकरांच्या बाबतीत

दिवाळीनंतर बीड, जालना, परभणीकडची कितीतरी घरे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांत आपल्या मंडळीतील कुटुंबेही असतात. सोबत गेलेल्या लेकराची शाळा सुटते, आणि एकदा सुटली की ती पुन्हा धरणे कठीण जाते. मंडळीने सप्टेंबरमध्येच कोण जाणार याची विचारपूस करावी, हंगामी वसतिगृहात जागा आहे का ते शाळेत विचारावे, आणि नसेल तर आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलाच्या रात्रीच्या जेवणाची व अभ्यासाची जबाबदारी शेजारच्या एका ख्रिस्ती घराने घ्यावी. नाताळात मंडपावर होणारा खर्च थोडा कमी केला तर एवढे सहज निभते. लग्नातील देण्याघेण्याविषयी मी एकच वाक्य लिहितो: हुंडा घेऊन आलेल्या वराला वेदीपुढे उभे करताना आपण कोणत्या धनाची साक्ष देतो, हे प्रत्येक मंडळीच्या वडिलांनी स्वतःला विचारावे.

बांधाचा प्रश्न

आता त्या रेघा ओढलेल्या शब्दाकडे येतो. लूक १२ मधील मूर्ख श्रीमंताचा, म्हणजे मोठी कोठारे बांधण्याचा बेत करून त्याच रात्री जीव गमावणाऱ्या माणसाचा, दृष्टान्त सर्वांना माहीत असतो, पण तो कोणाला सांगितला हे थोड्यांच्या लक्षात राहते. "गुरुजी, वतन माझ्याबरोबर वाटून घ्यायला माझ्या भावाला सांगा," अशी मागणी घेऊन आलेल्या माणसामुळे येशूने तो सांगितला. म्हणजे त्या मोठ्या कोठारांची गोष्ट मुळात वाटणीच्या भांडणात सांगितलेली आहे.

माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे शेत लागून आहे. मधला बांध वडिलांच्या वेळी बैलजोडी वळवता येईल एवढा रुंद होता. दर नांगरटीला कधी त्याच्या बाजूने, कधी माझ्या बाजूने एकेक तास (नांगराची सरी) बांधात घुसत गेला, आणि शेवटी त्यावर पाय ठेवून चालणेही अवघड झाले. आम्ही दोघेही दर रविवारी देवळात जात होतो, तो उजवीकडच्या बाकावर आणि मी डावीकडच्या. कापणीच्या सणाला मी जोंधळ्याचे पोते अर्पण केले, आणि त्या रात्री वहीत लिहायला बसलो तेव्हा मत्तय ५:२३-२४ आठवले: अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर.

ज्यांचा असा वाद असेल त्यांनी काय करावे, ते मी केलेल्या चुकांसह सांगतो. मी आधी मोजणीचा अर्ज करून मग बोलायला गेलो, आणि ते चुकले. कागद आधी गेला की समोरचा माणूस वकील शोधतो. आधी बोलावे, तेही घरी नव्हे तर शेतात, आणि शक्यतो दोघेच. सुरुवात "तू किती कोरलेस" याने करू नये, "मी किती कोरले" याने करावी. दादांपुढे मला ते वाक्य उच्चारायला दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला मी पावसापाण्याचे बोलून परत आलो. त्यानंतर मोजणी दोघांच्या अर्जाने करावी, हद्दीचे दगड दोघांनी मिळून रोवावेत, आणि मोजणीत आपल्या वाट्याला जे येईल त्यातून एक तास सोडून नांगर धरावा. आमच्या बांधावर आता पुन्हा गवत वाढते आणि ते कोणी कापायचे हे ठरलेले नाही. ज्याच्या गुरांना लागेल तो कापतो.