इंग्रजीत आलेल्या शब्दाचं मूळ शोधायचं कसं

'मदर' आणि 'मातृ', 'नेम' आणि 'नाम' अशा जोड्या लावून 'इंग्रजीने हे संस्कृतातून उचलले' असं म्हणून मोकळं होता येतं. फसगत तिथेच होते. उसना शब्द वेगळा आणि भाऊबंद शब्द वेगळा. आधी ही चाळणी लावली की पुढची बरीच पायपीट वाचते.

संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली, तिच्यात जुन्या 'प'चा 'फ' झाला आणि 'द'चा 'ट'. म्हणून पाद–फूट, पितृ–फादर, दश–टेन, द्वि–टू. अशी ठरावीक अदलाबदल दिसली तर शब्द बहुधा वारशाने आलेला, उसना नव्हे. उशिरा उचललेल्या शब्दाला हा बदल लागू होत नाही: पंडितचं 'पंडिट' झालं, 'फंडिट' नाही. दंतशी नातं सांगणारे तर दोन शब्द इंग्रजीत आहेत, 'टूथ' घरचा आणि 'डेंटल' लॅटिनमधून आणलेला. आणि कधी निव्वळ योगायोगही असतो. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, उच्चार जवळपास तोच, नातं काहीच नाही.

चाळणीतून शब्द पार झाला की व्युत्पत्ती देणारा मोठा कोश उघडा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला, काम पुरं झालं 1928 मध्ये; सगळ्या नोंदी अजून नव्याने तपासून झालेल्या नाहीत, म्हणून नोंद शेवटची कधी सुधारली ते आधी पाहा. व्युत्पत्तीच्या ओळीतल्या खुणाही नीट वाचाव्या लागतात. शब्दाआधी तारा (*) असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तर्काने उभं केलेलं आहे. 'तुलना करा' असं म्हणून दिलेला शब्द हे मूळ नसतं, फक्त नातेवाईक असतो. इथे चुका हमखास होतात. 'लगतचा स्रोत' आणि 'अंतिम स्रोत' हेही वेगवेगळे टिपून ठेवा. 'मंगूज' इंग्रजीत आला तो मराठी 'मुंगूस'वरून, पण मराठीतला शब्द द्राविडी मुळाचा मानतात. दोन्ही विधानं खरी, फक्त ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. (स्पेलिंगच्या शेवटी 'गूज' म्हणजे हंस दिसतो, तो कानाने केलेला घोटाळा. म्हणूनच अनेकवचन 'मंगीज' न होता साधं 'मंगूजेस' होतं.)

भारतीय शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश (1886, सुधारित आवृत्ती 1903) हाताशी हवा. त्यातली जुनी अवतरणं सोन्यासारखी आहेत. व्युत्पत्त्या मात्र दुसरीकडे पडताळल्याशिवाय घेऊ नका. मराठी रूप आणि त्या काळचा अर्थ पाहायला मोल्सवर्थचा कोश, शक्यतो 1857 ची दुसरी आवृत्ती.

जुन्या पुस्तकांत स्वतः शोध घेताना आजचं स्पेलिंग टाकून भागत नाही. इंग्रज लोक 'अ' हा स्वर 'यू' या अक्षराने लिहीत, 'ई'साठी दोन 'ई' आणि 'ऊ'साठी दोन 'ओ'. पंडिट, बंगलो, पंजाब यांतला 'यू' त्यातूनच आला. म्हणून एकेका शब्दाची चार-पाच स्पेलिंगं आधी कागदावर मांडा, मग शोधा. अठराव्या शतकातल्या छपाईत लांब 'एस' असतो, दिसायला 'एफ'सारखा; स्कॅन केलेली पानं वाचणारं यंत्र तो 'एफ' म्हणूनच वाचतं, त्यामुळे 'शुगर' कधी 'फुगर' होऊन दडलेला असतो. शिवाय नियतकालिकांच्या सगळ्या खंडांवर पहिल्या अंकाचंच साल चिकटवलेलं सापडतं. मुखपृष्ठाचं पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय साल लिहू नका.

शब्द कुठल्या वाटेने आला, हे जोडताना मधली पायरी गाळली की चूक होते. 'ऑरेंज'चंच घ्या. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, तिथून दक्षिण युरोप, जुनी फ्रेंच आणि मग इंग्रजी. सुरुवातीचा 'न' गेला कुठे? इंग्रजीत 'अ नॉरेंज'चं 'अ‍ॅन ऑरेंज' झालं, असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात तो 'न' इंग्रजीत पोचण्याआधीच गळला होता. इंग्रजीत असा 'न' खरोखर गेला तो 'एप्रन', 'अ‍ॅडर' आणि 'अम्पायर' या शब्दांत. 'अल'ने सुरू होणारा शब्द अरबीच, हाही असाच अर्धवट नियम: अल्जिब्रा, अल्कोहोल, अल्कोव्ह अरबी आहेत, पण 'अलार्म' हा 'शस्त्रं घ्या' अशा अर्थाच्या इटालियन हाकेतून आला.

अर्थाची तारीख शब्दाच्या तारखेपेक्षा वेगळी ठेवा. 'शाम्पू' हिंदी 'चाँपना'च्या आज्ञार्थातून, 'चाँपो'वरून आला. 1762 च्या सुमारास इंग्रजीत त्याचा अर्थ होता अंग रगडणं, दाबणं. मूळचे भारतीय असलेले शेख दीन मुहम्मद यांनी 1814 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला जे स्नानगृह काढलं, तिथला 'शाम्पू' म्हणजे मालिशच. केस धुण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळला. आपल्याकडे 'चंपी' जुन्या अर्थाने टिकली आणि शाम्पू बाटलीत भरून परत आला. 'जंगल'ची गंमत आणखी मोठी: संस्कृतात जांगल म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा प्रदेश. आयुर्वेदात 'जांगल देश' आजही त्याच अर्थाने येतो.

गोष्ट जितकी रंगतदार, तितका संशय धरा. 'पॉश' हे बोटीच्या तिकिटावरच्या चार शब्दांच्या आद्याक्षरांतून बनलं, असं म्हणतात. तसं एकही तिकीट मिळालेलं नाही. 'कांगारू' म्हणजे 'मला कळत नाही', हीसुद्धा अशीच एक कथा. 1770 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या मंडळींनी ऑस्ट्रेलियात एन्डेव्हर नदीकाठी तो शब्द टिपला. तिथल्या गुगु यिमिधिर भाषेत 'गंगुरू' हे कांगारूच्या एका जातीचं नाव आहे. 1970 च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी ती भाषा बोलणाऱ्यांबरोबर काम करून याची खातरी केली.