डोळ्याला काडी लागली किंवा कान वाहू लागला तर

तूर सोंगताना किंवा पऱ्हाटी उपटताना डोळ्याला काडी लागली, तर डोळा चोळू नये. पुढच्या दिवसांत उजेड सोसवेनासा झाला, पाणी गळत राहिले आणि बॅटरीच्या प्रकाशात बुबुळावर ज्वारीच्या कणीएवढाही पांढरा ठिपका दिसला, तर ती बुरशीची जखम असू शकते, म्हणून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली उतरवतात खरे, पण बुरशीला मोकळे रान देतात. फवारणीचे औषध उडाले, तर पापण्या उघड्या धरून किमान 15 मिनिटे स्वच्छ पाणी ओतावे, मग दवाखाना. वाहत्या कानात कोमट तेल घालण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी, कारण पडद्याला छिद्र असू शकते. कान बाहेरून पुसून कोरडा ठेवावा आणि कानामागे सूज आल्यास थांबू नये.