चार तारांच्या बेस गिटारला पाचवी तार: आधी नट मोजा, मग ड्रिलला हात लावा

बेसला पाचवी तार बसवायची म्हटलं की जो तो आधी ब्रिज (बॉडीवरची तारा अडकवायची पट्टी) शोधायला लागतो. ब्रिजचं नंतर बघू. आधी व्हर्निअर घ्या आणि नटाची रुंदी मोजा. नट म्हणजे फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी, तिच्यावरच्या धातूच्या आडव्या दांड्या म्हणजे फ्रेट) संपतो तिथली ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा सूर लावायच्या चाव्यांकडे जातात. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलच्या धाटणीचा बेस असेल तर माप साधारण 41 मिमी भरेल, काहींचं थोडं जास्तही. त्यांच्याच जॅझ मॉडेलच्या धाटणीचा असेल तर 38. अडतीसवाल्यांनी खालच्या ‘बी’ सुराच्या जाड तारेचा हट्ट सोडलेला बरा, का ते पुढे हिशोबात दिसेलच.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: पाचवी तार कशासाठी हवी? आमच्याकडे मिरज-सांगलीच्या ऑर्केस्ट्रात उत्तर बहुतेक एकच असतं. गायक काळी एक (सी शार्प) सांगतो. आपल्या चार तारा जाडीकडून ई, ए, डी, जी; सगळ्यात जाड ई, म्हणजे पांढरी तीन, त्याच्या खाली काही नाही. मग खालचा सा सोडून ए तारेच्या चौथ्या फ्रेटवरचा सा धरायचा, आणि कीबोर्डवाला डाव्या हाताने आपल्याच खाली सूर दाबून बसतो. बेसवाल्याच्या खाली कीबोर्ड, हे काही बरं दिसत नाही. बी तार असली की तो खालचा सा तिच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळतो.

एवढंच दुखणं असेल तर बेसला भोक पाडायची गरजच नाही. पाच तारांचा सेट आणा, त्यातली सगळ्यात बारीक, ‘जी’ सुराची तार पाकिटातच ठेवा आणि उरलेल्या चार बी, ई, ए, डी अशा चढवा. नटाच्या खाचा जाड तारांपुरत्या रुंद करा, सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा तुकडा) मागे घ्या, ट्रस रॉड (नेकच्या म्हणजे दांडीच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करायची सळई) बघा. एका दुपारचं काम आहे. वरचे पाच सूर जातात, पण लग्नाच्या कार्यक्रमात ते किती वेळा लागतात हे तुम्हीच आठवून बघा. महिनाभर असं वाजवा. तरीही त्या ‘जी’ तारेसाठी जीव तुटला तर पुढचं वाचा.

दुसरा मार्ग वरच्या बाजूला, जीपेक्षाही बारीक सी तार घालण्याचा. फेंडरने 1965 साली बाजारात आणलेला पहिला पाच तारांचा बेस असाच होता, खाली बी नव्हतीच, वर सी होती आणि फ्रेट फक्त 15. खालच्या बी तारेचा बेस पुढे 1976 च्या सुमारास अलेम्बिक कंपनीने बेसवादक जिमी जॉन्सनसाठी केला. सी तार बारीक, तिला जागा कमी लागते, त्यामुळे 38 च्या नटावर करायचंच असेल तर हेच करा. सोलो, कॉर्ड वाजवणाऱ्यांना ते मानवतं. काळी एकचा प्रश्न मात्र तिथेच राहतो.

आता हिशोब. हा कागदावर केल्याशिवाय पुढे जाऊ नका. नट 41.3 मिमी धरू. तारा 130, 105, 85, 65, 45, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. मिलिमीटरमध्ये जाडी 3.3, 2.67, 2.16, 1.65, 1.14, बेरीज साधारण 10.9. दोन्ही कडांना 3-3 मिमी सोडा. उरले 24.4, त्याचे चार भाग, म्हणजे दोन तारांमध्ये 6.1 मिमी मोकळी जागा. तयार पाच तारांच्या 45 मिमीच्या नटावर हीच जागा 7 मिमी मिळते, म्हणजे थोडं दाटीचं, पण बोटं आठवड्याभरात रुळतात. 38 च्या नटावर मात्र जेमतेम 5.3 उरते आणि एक तार दाबताना शेजारची मरते.

खाचा आखताना केंद्रापासून केंद्रापर्यंत सारखं अंतर ठेवायचं नाही. तसं केलं की बी आणि ई एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात आणि डी-जीमध्ये मोकळं रान. मोकळी जागा सारखी ठेवायची. वरच्या मापाप्रमाणे जाड बाजूच्या कडेपासून खाचांची केंद्रं 4.7, 13.7, 22.2, 30.2 आणि 37.7 मिमीवर येतात. टोकदार पेन्सिलने खुणा करा आणि पुन्हा मोजा.

जुना नट काढून नवी पट्टीच घ्या, जुन्या खाचा बुजवून नव्या पाडलेल्या टिकत नाहीत. हाडाची पट्टी उत्तम. आमच्या गावात सतारीच्या घोडीचं काम करणारे कारागीर आहेत, त्यामुळे ती सोय आहे. नसेल तर किचनचे ओटे करणाऱ्याकडे कोरियनचा (Corian, ओट्याचा कृत्रिम दगड) तुकडा मागा, तोही चालतो. खाच गोल कानशीने पाडा, शेवटचा हात त्याच तारेच्या जुन्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा. खाच चावीच्या बाजूला किंचित उतरती हवी, तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच टेकली पाहिजे. सपाट राहिली तर मोकळी तार जवारी काढल्यासारखी झणझणते. तंबोऱ्यात ते सुख, बेसमध्ये डोकेदुखी. खोली किती? तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा: साध्या कागदाचे दोन पदर सरकतील एवढी फट राहिली की थांबा. अर्थात हा शेवटचा हात सगळ्या तारा सुरात चढल्यावरच.

पाचवी चावी. चारही चाव्या एका ओळीत असलेल्या डोक्यावर (नेकचं चाव्यांचं टोक) पाचवी त्याच ओळीत कोंबू नका. समोरच्या कडेला, जी तारेच्या बाजूला बसवा. म्युझिक मॅनचा स्टिंगरे 5 हा 1987 पासून असाच चार अधिक एक आहे, तेव्हा दिसायला विचित्र वगैरे काही नाही. यात फायदा असा की नवीन चावीवर बारीक जी तार येते आणि जाड बी जुन्या ई तारेच्या चावीवर. बीचं टोक त्या खुंटीच्या फटीत जातं का ते आधी बघा, टोकाकडे निमुळती होणारी तार मिळाली तर सोपं पडतं. नवी चावी उलट्या हाताची घ्यायची, म्हणजे समोरच्या कडेला लागणारी, नाहीतर पिळायची दिशा उलटी येते.

जागा ठरवायला पुठ्ठ्याचं डोकं कापा. त्यावर मागून चारही चाव्यांच्या पट्ट्यांचे आकार काढा, पाचवीचा आकार कापून त्यावर सरकवत राहा. पट्टी शेजारणीवर चढता कामा नये, भोकाभोवती चांगलं 5 मिमी लाकूड राहिलं पाहिजे, आणि नटाच्या खाचेपासून खुंटीच्या आतल्या बाजूपर्यंत तार शक्य तितकी सरळ गेली पाहिजे. डोक्याच्या मधोमध, ट्रस रॉडच्या तोंडाजवळ अजिबात जाऊ नका.

भोकाचं माप चावीच्या बुशवरून (भोकात बसणारी धातूची नळी) घ्या. आधी भंगार लाकडावर पाडून बुश बसवून बघा. मग डोक्यावर मास्किंग टेप, मागे लाकडाचा ठोकळा क्लँपने घट्ट, 3 मिमीचं बारीक भोक आरपार, आणि त्यावरून फोर्स्टनर बिटने अर्धं पुढून, अर्धं मागून. हातातल्या ड्रिलने हे करू नका. फर्निचरवाल्याकडे स्टँडचं ड्रिल असतं, चहा पाजला की तो पाच मिनिटं देतो.

ब्रिजला आता या. पाच तारांचे तयार ब्रिज दोन तारांत 19 मिमी अंतराचेही मिळतात, ते आपल्या कामाचे नाहीत. आपल्या नेकची रुंदी विसाव्या फ्रेटला साधारण 62 मिमी. अंतर 17 घेतलं तर तिथे बाहेरच्या तारांचं केंद्र कडेपासून अडीच मिमीवर येतं आणि जी तार ओढली की कडेवरून घसरते. 16.5 च्या वर जाऊ नका. माझी पसंती सुट्या एकेका तारेच्या ब्रिजना, हवं ते अंतर ठेवता येतं. मी 15.5 धरतो.

स्क्रू मारण्याआधी नटाच्या बाहेरच्या दोन खाचांतून ब्रिजपर्यंत दोरे ताणा आणि दोन्ही कडांना सारखी जागा आहे का ते बघा. 34 इंची बेस (नटापासून सॅडलपर्यंत 34 इंच) असेल तर बाराव्या फ्रेटपासून जी तारेच्या सॅडलपर्यंत 432 मिमी, आणि बीला त्याहून काही मिमी मागे सरकायला वाव हवा. जुनी भोकं लाकडी काड्या आणि फेविकॉलने बुजवा. ब्रिजखाली एक उघडी वायर येते, ती अर्थिंगची. नव्या ब्रिजच्या धातूला ती टेकली नाही तर बेस गुणगुणत राहतो. सुटे ब्रिज असतील तर पाचही अर्थला जोडलेले हवेत, खाली तांब्याची पट्टी टाकली की झालं.

पिकअपचं (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाचं) दुखणं प्रिसिजनमध्ये हमखास येतं. त्याचे दोन तुकडे दोन-दोन तारांसाठी असतात आणि पाचातली मधली, म्हणजे ए, नेमकी सांध्यावर पडते. आवाज थोडा दबतो. आधी दोन्ही तुकड्यांची मधली टोकं वर उचलून ऐका, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर सुट्या चुंबकी खांबांऐवजी सलग पट्टीचा पिकअप टाका, पण मग बॉडीतला खड्डा वाढवावा लागतो आणि ते काम राउटर (लाकूड खोदायचं मशीन) असलेल्याकडेच द्या.

नवी तार नेकवर साधारण 15 किलोचा ओढा वाढवते. सगळ्या तारा सुरात लावून रात्रभर तशाच ठेवा, मग ट्रस रॉडला हात लावा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबा, मधे आठव्याजवळ तारेखाली 0.3 ते 0.4 मिमी फट हवी. जास्त असेल तर पाव फेरा घट्ट, पुन्हा थांबा. हे जूनमध्ये केलं असेल तर ऑक्टोबरमध्ये परत बघा, पावसाळी हवेत नेक वेगळाच वागतो. इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येतो का ते, सगळ्यात शेवटी. बीवर ट्यूनरचा काटा नाचतो, तेव्हा मोकळी तार न धरता बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथलाच दाबलेला सूर यांची तुलना करा.

अँपवर ऐकताना बेसचा नॉब पूर्ण फिरवायचा मोह आवरा. बी तार 31 हर्ट्झच्या आसपास हलते, लहान स्पीकरला ते झेपत नाही, कोन नुसता आपटतो. नॉब मध्यावर ठेवा, मिड थोडा वाढवा, मग काळी एकचा सा मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.